वोल्फगांग फॉन केंपेलेन

वोल्फगांग फॉन केंपेलेन (पूर्ण नाव : योहान वोल्फगांग रिटर फॉन केंपेलेन दे पाझ्मांद; हंगेरियन नाव : केंपेलेन फार्कश; जन्म : २३ जानेवारी १७३४, प्रेसबुर्ग, हंगेरीचे राज्य; मृत्यू : २६ मार्च १८०४, व्हिएन्ना) हे हाब्सबुर्ग साम्राज्याच्या सेवेतील प्रशासक, यंत्ररचनाकार, लेखक आणि मानवी वाणीचे एक आद्य शास्त्रीय अभ्यासक होते. बुद्धिबळ खेळणाऱ्या तुर्क नावाच्या यंत्रामुळे त्यांचे नाव युरोपभर पोहोचले. ते यंत्र प्रत्यक्षात एक हातचलाखी होती. त्याच्या पोटात माणूस लपलेला असे. याच काळात त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ खपून बोलणारे यंत्र घडवले. त्यात कोणीही लपलेले नव्हते. आज संगणक आकडे, वेळ वा रेल्वेगाडीचा क्रमांक उच्चारतो, त्या वाणी-संश्लेषण शास्त्राच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः याच यंत्रापासून सांगितला जातो.

पूर्वायुष्य आणि शासकीय सेवा

केंपेलेन यांचा जन्म प्रेसबुर्ग येथे झाला. हे शहर आज ब्रातिस्लाव्हा या नावाने स्लोव्हाकियाची राजधानी आहे. त्या काळी ते हंगेरीच्या राज्यातील प्रमुख शहर होते आणि तेथे जर्मन, हंगेरियन व स्लोव्हाक या तिन्ही भाषा कानावर पडत. शाळेची भाषा लॅटिन होती. वडील एंगेलबर्ट केंपेलेन जकात खात्यात अधिकारी होते. वोल्फगांग यांनी कायदा आणि तत्त्वज्ञान यांचे शिक्षण घेतले.

१७५५ च्या सुमारास ते व्हिएन्नाच्या दरबारी सेवेत आले. सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्या कायद्यांचे लॅटिनमधून जर्मनमध्ये भाषांतर करण्याचे काम त्यांनी इतक्या चोखपणे केले, की त्यांच्याकडे दरबाराचे लक्ष गेले आणि पुढील बढत्या सहज मिळाल्या. मिठाच्या खाणींचे प्रशासन, बानात प्रांतातील नव्या वसाहतींची व्यवस्था, १७७७ मध्ये नाग्यसोम्बात येथील विद्यापीठाचे बुडा येथे स्थलांतर अशी जबाबदारीची कामे त्यांनी सांभाळली. पुढे ते हंगेरी-ट्रान्सिल्व्हेनियाच्या संयुक्त दरबारी कार्यालयात उच्च पदावर पोहोचले आणि १७९८ मध्ये निवृत्त झाले. यंत्ररचना हा त्यांचा पेशा कधीच नव्हता. दिवसभराचे कागदपत्र संपल्यावर उरलेल्या वेळात त्यांनी हे सारे केले.

या उरलेल्या वेळातील कामाची व्याप्ती मोठी आहे. प्रेसबुर्गच्या किल्ल्याला पाणी चढवणारी यंत्रणा, शोनब्रून राजवाड्याच्या कारंज्यांसाठीची यंत्रणा आणि वाफेच्या यंत्राचे प्रयोग त्यांच्या नावावर आहेत. अंध पियानोवादिका मारिया थेरेसिया फॉन पाराडिस यांना स्वतः पत्रे लिहिता यावीत म्हणून त्यांनी १७७९ मध्ये एक लहानसे हातछपाईचे साधन करून दिले. नाटके आणि कविताही त्यांनी लिहिल्या; त्या आज फारशा वाचल्या जात नाहीत.

तुर्क

१७६९ मध्ये पेलेतिए नावाच्या फ्रेंच कलावंताने दरबारात चुंबकाचे खेळ करून दाखवले. मारिया थेरेसा यांनी केंपेलेन यांना मुद्दाम बोलावून त्याबद्दल मत विचारले. याहून आश्चर्यकारक वस्तू आपण करून दाखवू, असे ते त्या वेळी बोलून गेले आणि १७७० मध्ये त्यांनी तुर्क दरबारात सादर केला. मॅपल लाकडाच्या पेटीमागे तुर्की पोशाखातील पुतळा बसलेला असे. खेळापूर्वी पेटीची दारे एकेक करून उघडली जात, आत चाके व दांडे दिसत. मग दारे बंद होत आणि पुतळा डाव्या हाताने सोंगट्या सरकवू लागे. प्रतिस्पर्धी बहुधा हरत.

आतील खेळाडू सरकत्या आसनावर बसलेला असे. ज्या बाजूचे दार उघडले जाई, तिच्या विरुद्ध बाजूस तो सरके. सोंगट्यांत चुंबक होते. कोणत्या घरातील सोंगटी उचलली, हे पटाखालच्या लोखंडी तुकड्यांच्या हालचालीवरून त्याला मेणबत्तीच्या उजेडात कळे. मेणबत्तीचा धूर पुतळ्याच्या फेट्यातून बाहेर पडे.

केंपेलेन स्वतः या यंत्राला फारसे महत्त्व देत नसत. त्यांचे प्रेसबुर्गमधील स्नेही कार्ल गोटलीब फॉन विंडिश यांनी १७८३ मध्ये तुर्काविषयीची पत्रे प्रसिद्ध केली. यंत्राची खरी करामत पाहणाऱ्याची फसगत होण्यात आहे, हे केंपेलेन स्वतःच मान्य करतात, असे त्यांत नमूद आहे. मध्यंतरी त्यांनी तुर्क मोडीतही काढला होता. तथापि १७८१ मध्ये रशियाचे युवराज पॉल व्हिएन्नाला येणार म्हणून सम्राट योसेफ दुसरे यांनी तो पुन्हा उभा करण्याचा आदेश दिला. पाहुण्यांना तो इतका आवडला, की सम्राटाने केंपेलेन यांना दोन वर्षांची रजा देऊन युरोपच्या दौऱ्यावर पाठवले. पॅरिसमध्ये त्या काळचे श्रेष्ठ बुद्धिबळपटू फिलिदोर यांनी तुर्कास हरवले. बेंजामिन फ्रँकलिन मात्र त्याच्यापुढे हरले. लंडन आणि जर्मनीतील शहरे करून केंपेलेन परतले. या दौऱ्यात त्यांच्या सामानात आणखी एक, दिसायला अगदीच साधी पेटी होती. लोक तुर्क पाहायला येत. ती पेटी ऐकायला मिळे.

बोलणारे यंत्र

मानवी वाणी यंत्राने निर्माण करता येईल का, हा प्रश्न त्या काळी युरोपातील विद्वानांत चर्चेत होता. गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांनी १७६१ मध्येच अशा यंत्राची शक्यता बोलून दाखवली होती. पुढे सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीने स्वरांचे स्वरूप काय आणि ते नळ्यांतून काढता येतील का, यावर स्पर्धा ठेवली. क्रिस्टियान गोटलीब क्रात्सेनस्टाइन यांना त्याचे पारितोषिक मिळाले. त्यांनी पाच स्वरांसाठी पाच वेगवेगळ्या आकारांच्या नळ्या केल्या होत्या आणि त्यांत मोकळेपणी कंपणारी पत्ती वापरली होती. अशा पत्तीवरील पुढील प्रयोगांतून हार्मोनियमचा उगम झाला, असे मानले जाते. त्या नात्याने महाराष्ट्रातील भजनी मंडळांची पेटी या स्पर्धेशी दूरचे नाते सांगते.

केंपेलेन यांनी १७६९ मध्ये, म्हणजे तुर्काबरोबरच, या प्रश्नाला हात घातला. सुरुवातीला निरनिराळी वाद्ये ऐकून मानवी आवाजाच्या जवळचे कोणते, याचा ते शोध घेत होते. एका ग्रामीण भागात दुरून बॅगपाइपचा आवाज कानी आला आणि तो लहान मूल गात असल्यासारखा वाटला, तेव्हा त्यांना हवी ती पत्ती सापडली. ही पत्ती स्वयंपाकघरातील भात्याला आणि पुढे क्लॅरिनेटच्या रुंद तोंडाला जोडून त्यांनी पहिला प्रयोग केला. रुंद तोंडावर हात ठेवून तो कमीअधिक उघडला की स्वर बदलतात, हे त्यांना आढळले.

दुसरे यंत्र ऑर्गनच्या धर्तीवर होते. प्रत्येक वर्णासाठी वेगळी नळी, तिला वेगळी पत्ती आणि वेगळी कळ, अशी त्याची रचना होती. कळा क्रमाने दाबल्या की शब्द तयार व्हावा, ही अपेक्षा होती. ती फसली. वर्ण सुटे सुटे ऐकू येत, पण जुळत नसत. प्रत्येक वर्ण नव्याने सुरू होताना हिसका बसे, आणि दोन वर्णांमध्ये अशी फट राही की ऐकणाऱ्याला शब्द न कळता ध्वनींची यादी ऐकू येई. या यंत्रावर त्यांची काही वर्षे गेली.

अपयशाच्या कारणाचा त्यांनी लावलेला शोध हा त्यांच्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा विचार म्हणता येईल. माणसाला एकच कंठ आणि एकच मुख असते. एक वर्ण संपून दुसरा सुरू होतो असे प्रत्यक्षात घडत नाही. मुख एका आकारातून दुसऱ्या आकारात जात असताना ऐकू येते तीच वाणी. म्हणून यंत्रालाही एकच पत्ती आणि एकच मुख हवे, असे ठरवून त्यांनी जुनी रचना टाकून दिली. आधुनिक ध्वनिविज्ञान ज्याला सहोच्चारण म्हणते, त्याची ही यांत्रिक ओळख होती.

तिसऱ्या यंत्रात भाता फुप्फुसांचे काम करी. हवा एका लाकडी हवापेटीत जाई. तेथील हस्तिदंताची पातळ पत्ती स्वरतंतूंच्या जागी होती. पुढे रबराचे नरसाळे हे मुख. नाकपुड्यांसाठी दोन लहान नळ्या होत्या. त्या उघड्या ठेवल्या की अनुनासिके निघत. स आणि श यांसाठी शिट्टीसारखे दोन स्वतंत्र मार्ग, आणि र साठी पत्तीवर तार थरथरवणारी तरफ होती. वाजवणारा उजव्या बाहूने भाता दाबी, त्याच हाताच्या बोटांनी तरफा आणि नाकपुड्या सांभाळी, आणि डावा तळवा रबरी मुखावर ठेवून त्याचे आकार बदली. दात व जीभ या यंत्राला नव्हती. सर्व वाटा बंद केल्यावर फटींतून जी हवा निसटे, तिचा ध्वनी फ सारखा येतो असे लक्षात आल्यावर केंपेलेन यांनी ती गळती बुजवली नाही, वापरून घेतली.

यंत्राचा आवाज तीन-चार वर्षांच्या मुलासारखा आणि एकसुरी होता. ते मामा, पापा असे शब्द सहज बोले. फ्रेंचमधील छोटी प्रेमळ वाक्ये आणि सम्राट लिओपोल्ड दुसरे यांची लॅटिन बिरुदावलीही म्हणून दाखवी. सुमारे तीन आठवड्यांच्या सरावाने कोणालाही ते वाजवता येईल, असे केंपेलेन यांचे म्हणणे होते.

याच सुमारास भारतातही भाता आणि नळ्या यांतून सजीवाचा आवाज काढणारी एक प्रसिद्ध वस्तू घडली होती. श्रीरंगपट्टणमच्या लढाईनंतर १७९९ मध्ये इंग्रजांच्या हाती पडलेल्या टिपू सुलतानाच्या लाकडी वाघात डरकाळी आणि आक्रोश असेच निर्माण होतात. तेथे ध्वनी ठरलेला आहे. केंपेलेन यांच्या पेटीत तो दर क्षणी हाताने घडवावा लागे.

जर्मन भाषेची आणि आकड्यांची अडचण

केंपेलेन यांची नित्याची भाषा जर्मन होती, पण त्यांचे यंत्र जर्मनमध्ये सर्वांत कमी पडे. लॅटिन, फ्रेंच वा इटालियन शब्द कोणी सुचवला तर ते बहुधा तत्काळ म्हणवून दाखवत. जर्मनचे तसे होत नसे. त्यांनी याचे कारण जर्मनमधील व्यंजनांची दाटी आणि शब्दाच्या शेवटी येणारी व्यंजने हे दिले आहे. इटालियन शब्द स्वरावर संपतो, त्यामुळे मुख मोकळे होते. जर्मनमध्ये एका श्वासात तीन-चार व्यंजने जोडून म्हणावी लागतात. त्यातच ट, ड, क, ग हे स्पर्शवर्ण जिभेवाचून काढता येत नसल्याने यंत्रात त्यांच्या जागी प चालवून घ्यावा लागे. ऐकणाऱ्याला शब्दाची अपेक्षा असेल तर कान ती चूक पोटात घाले.

जर्मन संख्यावाचके या कसोटीवर घासून पाहिली तर अडचण नेमकी कळते. एक ते बारा या शब्दांत त्स्वाय (२), ड्राय (३), झेक्स (६), आख्ट (८), त्सेन (१०) आणि त्स्वोल्फ (१२) या सहांमध्ये ट, ड वा क यांचा अंश आहे. एकवीससाठीच्या आइनउंडत्स्वान्त्सिग या एका शब्दात तर असे वर्ण चार-पाच वेळा येतात. वाक्यात चुकलेला वर्ण संदर्भाने भरून निघतो. आकड्याला असा संदर्भ नसतो. दोन ऐकू आले की तीन, हे केवळ त्या एका शब्दावर ठरते.

संगणकाला जर्मन आकडे बोलायला शिकवणाऱ्यापुढे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात येतो. जर्मनमध्ये मराठीप्रमाणेच एकक आधी व दशक नंतर उच्चारतात, त्यामुळे २१ ही संख्या डावीकडून वाचून चालत नाही. शेवटचा अंक आधी घ्यावा लागतो. शेकडा मात्र आधीच येतो, म्हणजे ३२१ मध्ये क्रम शतक, एकक, दशक असा होतो. मराठीत एकवीस, बत्तीस, त्रेपन्न अशी रूपे इतकी मुरून गेली आहेत, की नव्व्याण्णवपर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे साठवावा लागतो. जर्मनमध्ये एकक आणि दशक यांच्यामध्ये उंड, म्हणजे आणि, हा शब्द स्पष्ट राहतो. सोळा व सतरा यांसारखी थोडी आखूड झालेली रूपे आणि एकाचे आइन्स व आइन हे दोन पर्याय सांभाळले, तर सुमारे तीस ध्वनितुकड्यांतून हजारोंच्या संख्या जुळवता येतात. अडचण येते ती जुळवणीच्या सांध्यावर. वेगवेगळे ध्वनिमुद्रित तुकडे एकापुढे एक ठेवले की प्रत्येक तुकडा नव्याने सुरू होतो, सूर खालीवर होतो आणि केंपेलेन यांच्या कळांच्या यंत्रातला हिसका पुन्हा ऐकू येतो. रेल्वेस्थानकावरील जुन्या घोषणांत गाडीचा क्रमांक ज्या तुटक लयीत येई, तिचे कारण हेच.

ग्रंथ

१७९१ मध्ये केंपेलेन यांनी मानवी वाणीची यंत्रणा आणि आपले बोलणारे यंत्र यांवरील ग्रंथ व्हिएन्नात प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्याची फ्रेंच आवृत्तीही निघाली. जर्मन ग्रंथ ४५६ पानांचा असून त्याचे पाच भाग आहेत : भाषा म्हणजे काय, भाषा मानवनिर्मित आहे की नाही, वागिंद्रिये, युरोपीय भाषांतील वर्ण आणि शेवटी यंत्राचे वर्णन. यंत्र पाचव्या भागात येते, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुख, जीभ, कंठ यांचे निरीक्षण आधी आणि लाकूड-रबर नंतर, असा त्यांचा क्रम होता.

व्यंजनांचे त्यांनी चार वर्ग पाडले : पूर्ण मूक (क, प, ट), केवळ वाऱ्याचे (फ, स), कंठध्वनीचे (म, न, ल) आणि वारा व कंठध्वनी दोन्हींचे. प आणि ब यांच्यातील भेद कंठातील कंपनाचा आहे, हे त्यांनी स्पष्ट केले. देवनागरी वर्णमाला शिकलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. स्थान आणि प्रयत्न यांनुसार वर्णांची मांडणी संस्कृत शिक्षाग्रंथांत फार पूर्वी झाली होती. परंतु ती परंपरा युरोपीय भाषाभ्यासात एकोणिसाव्या शतकात पोहोचली. केंपेलेन त्याच प्रकारच्या विचाराकडे स्वतंत्र मार्गाने, भात्यावर हात ठेवून आले.

तुर्काच्या कर्त्याने आणलेली बोलकी पेटी म्हणजे दुसरी फसवणूक असणार, आत कोठेतरी मूल दडवले असेल, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. केंपेलेन यांनी तिला दिलेले उत्तर ग्रंथातच आहे. यंत्राचा प्रत्येक भाग, त्याची आकृती आणि बांधणीची पद्धत त्यांनी छापून टाकली. कोणत्या वर्णात यंत्र कमी पडते तेही लिहिले, आणि वाचकांनी ते बांधून पुढे न्यावे अशी अपेक्षा व्यक्त केली. मूकबधिरांना बोलायला शिकवण्यासाठी आणि उच्चारदोष दूर करण्यासाठी आपल्या अभ्यासाचा उपयोग व्हावा, हाही त्यांचा हेतू होता. तुर्काचे रहस्य मात्र त्यांनी कधीच छापले नाही. फ्राइहेर त्सू राक्निट्स यांनी १७८९ मध्ये ते उलगडण्याचा प्रयत्न केला. तो बराचसा योग्य दिशेने होता, तरी आतील खेळाडूची जागा त्यांना नेमकी सापडली नाही.

मृत्यू आणि उत्तरकाळ

केंपेलेन यांचे २६ मार्च १८०४ रोजी व्हिएन्ना येथे निधन झाले. त्यानंतर तुर्क त्यांच्या मुलाकडून योहान नेपोमुक मेल्त्सेल यांनी विकत घेतला. १८०९ मध्ये शोनब्रून येथे नेपोलियन आणि १८२० मध्ये लंडन येथे चार्ल्स बॅबेज त्याच्याशी खेळले. बॅबेज हरले. यंत्र खरोखर विचार करत नाही याची त्यांना खात्री होती; पुढे गणनयंत्रांच्या आराखड्यांमुळे त्यांचे नाव संगणकाच्या इतिहासात गेले. मेल्त्सेल यांनी तुर्क अमेरिकेत नेला आणि ५ जुलै १८५४ रोजी फिलाडेल्फियातील आगीत तो जळाला.

ग्रंथाचा प्रवास अधिक दूरवर झाला. त्यातील वर्णनावरून चार्ल्स व्हीटस्टोन यांनी १८३० च्या दशकात यंत्राची सुधारित प्रतिकृती तयार केली. १८६३ मध्ये सोळा वर्षांच्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ती लंडनमध्ये ऐकली, व्हीटस्टोन यांच्याकडून केंपेलेन यांचा ग्रंथ घेतला आणि घरी परतल्यावर मोठ्या भावाच्या मदतीने स्वतःचे बोलणारे डोके बनवले. त्यानंतर तेरा वर्षांनी बेल यांना टेलिफोनचे पेटंट मिळाले. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेने व्होडर हे विजेवर चालणारे बोलके यंत्र दाखवले. तेही कळा आणि पायपट्टीने वाजवावे लागे, आणि त्यासाठी तरुणींना वर्षभर शिक्षण द्यावे लागले. व्होडरचे जनक होमर डडली यांनी टी. एच. टार्नोत्सी यांच्यासह १९५० मध्ये केंपेलेन यांच्या यंत्रावर सविस्तर लेख लिहिला. १९६१ मध्ये त्याच प्रयोगशाळेत आयबीएम ७०४ संगणकाकडून गाणे म्हणवून घेण्यात आले.

म्युनिकच्या जर्मन संग्रहालयात १९०६ पासून केंपेलेन यांच्या नावे एक बोलणारे यंत्र जतन केलेले आहे. १७९१ च्या ग्रंथातील वर्णनाशी ते पूर्णतः जुळत नाही. त्यामुळे ते स्वतः केंपेलेन यांनी घडवले की नंतर कोणी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ग्रंथावरून नव्या प्रतिकृती मात्र झाल्या आहेत. जर्मनीतील झारलांड विद्यापीठात बांधलेल्या प्रतिकृती अभ्यासासाठी वापरल्या जातात आणि त्यांचे मामा व पापा हे शब्द आजही कळण्याइतके स्पष्ट आहेत.